पुदिना, पण गॅस बंद केल्यावर

पुण्याचे पाहुणे आले की पहिल्या सकाळच्या पहिल्या घोटालाच विचारतात, "यात काय घातलंयस रे?" पुदिना. "चहात?" हो, चहात. गवती चहाबद्दल त्यांची तक्रार नसते. तो त्यांच्याकडेही पावसाळ्यात, नाहीतर कुणाला पडसं झालं की घालतात. पण पुदिना म्हणजे त्यांच्या लेखी चटणी, फार तर पाणीपुरी. बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला यात काही वावगं वाटत नाही. आमच्या खंडेराव मार्केटच्या आसपास भाजीवाल्या बायका पुदिना आणि लीली चा (गवती चहाचं आमचं गुजराती नाव) शेजारी शेजारीच मांडतात, आणि सोबत आलं मागितलं की "चा माटे?", चहासाठी का, म्हणून विचारूनही घेतात. पत्ती संपली तर शेजारून वाटीभर मागता येते. लीली चा संपली तर सकाळच बिघडते.

तेव्हा आधीच सांगून टाकतो, हा लेख पक्षपाती आहे. अमृततुल्याशी माझं वाकडं नाही, पण वेलदोड्याच्या वासाचं ते दाट, गोड प्रकरण मला बासुंदीच्या भावकीतलं वाटतं. एक कप ठीक. दुसरा नको.

चहावर वाद घालणारे बहुतेक लोक पत्तीच्या नावावर, नाहीतर चमच्यांवर अडतात. कोणती पत्ती, किती साखर, दूध म्हशीचं की गाईचं. माझ्या मते हे सगळं दुय्यम. कशानंतर काय पडतं आणि तुम्ही थांबता कुठे, यावर चहा ठरतो. आमच्या घरात तीन माणसं एकाच डब्यातली पत्ती, एकाच थैलीतलं दूध आणि एकच तपेली वापरून तीन वेगळे चहा करतात. आई घरात शिरणाऱ्याला तोंड न बघता सांगू शकते की आजचा कुणी केलाय. (माझा केलेला असला की नुसतं "हं" म्हणते. ही शाबासकी आहे, असं मी धरून चालतो.)

सुरुवात गार पाण्यापासून. लीली चा गार पाण्यातच पडली पाहिजे, उकळत्या नाही. पातं जाड, दोऱ्यासारखं चिवट असतं. त्यातलं तेल, ज्याच्यामुळे तो लिंबासारखा वास येतो, ते आतल्या पेशींमध्ये असतं आणि सावकाश बाहेर येतं. पाणी तापत जाताना त्याला जो वेळ मिळतो तो पुरेसा असतो. पातं हाताळताना जपावं, कडेला बारीक करवत असते आणि ती बोटाला कळायच्या आत कापते. मी कात्रीनं तुकडे करत नाही. चार पाती एकत्र धरून त्यांची सैलशी गाठ मारतो, गाठ दोन बोटांत जरा चुरगाळतो आणि तशीच पाण्यात टाकतो. तुकडे केले की ते गाळण्यात अडकून बसतात आणि चहा थेंबथेंब गळतो. गाठ सांडशीनं एका झटक्यात उचलता येते.

पाण्याबद्दल थोडं. सयाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजवा सरोवर बांधून शहराला नळ दिले, त्या पाण्यावर आमच्या आजीच्या पिढीचा चहा झाला. आता मही नदीचं पाणीही येतं, आणि बऱ्याच सोसायट्यांत वरच्या खर्चाला बोअर असतो. बोअरच्या पाण्याचा चहा करून पाच मिनिटं ठेवून बघा. वर एक तपकिरी, चकाकणारा पापुद्रा धरतो आणि कपाच्या कडेला त्याचं वर्तुळ उठतं. लोक त्याला साय समजतात. ती साय नसते. जड पाण्यातला चुना, चहातली तुरट द्रव्यं आणि हवा यांनी मिळून केलेला तो उद्योग असतो. त्यानं चहाचा रंगही मेल्यासारखा होतो. नळाचं पाणी भरून ठेवायचं आणि चहाला तेच घ्यायचं, यापलीकडे यावर मला उपाय सापडलेला नाही.

पाणी कोमट झालं की आलं. किसणीवर किसलेलं मला चालत नाही. किसलं की तिखटपणा एकदम सगळा उतरतो, शिवाय बारीक दोरे गाळण्यातून निसटून घशात येतात. खलबत्त्यात दोन ठोके, फक्त चिरडलं जाईल इतकेच. आणि हे आलं दुधाच्या आधी चांगलं उकळलं गेलंच पाहिजे. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं, दूध तापत असताना ते त्यात गेलं की दूध नासतं. उकळीच्या पाण्यात त्याची ताकद संपते. दुधात थेट आलं घालून मग "आजकाल थैलीचं दूधच असलं येतं" म्हणणारे लोक आमच्या ओळखीत पुष्कळ आहेत. थैलीचा काही दोष नसतो.

साखरही याच वेळी. नंतर घातली तर ढवळावं लागतं, एवढंच माझं कारण. गूळ मात्र वेगळा. गुळाचा चहा करायचा तर गॅस बंद करून, चहा जरा निवू देऊन मग गूळ. उकळत्या दुधात गेला की दहातल्या चार वेळा तरी तो घात करतो. बायकोला गुळाचाच लागतो, म्हणून तिचा कप शेवटी वेगळा होतो आणि त्यावरून रोज दोन वाक्यं होतात.

आता पत्ती. आपण जिला पत्ती म्हणतो ती खरं तर गोळी असते. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला आसामात विल्यम मॅकर्चर नावाच्या माणसानं दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, त्याचे दाणे वळणारं यंत्र काढलं. त्याच तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलेली ही सीटीसी. आज भारतात होणारा बहुतेक चहा याच पद्धतीचा. दाण्याचं आतलं सगळं आधीच फुटलेलं असतं, त्यामुळे रंग आणि कडकपणा पाण्यात उतरायला दोन-तीन मिनिटं पुरतात. हे लक्षात घेतलं तर दहा-दहा मिनिटं पत्ती उकळवणाऱ्या माणसाचं काय चाललेलं असतं? रंग तर कधीच उतरलेला असतो. पुढे उतरतो तो फक्त तुरटपणा, मग तो लपवायला आणखी दूध, आणखी साखर, आणि शेवटी कपात जे येतं त्याला काढा म्हणणं हा काढ्याचा अपमान आहे. दार्जिलिंगची आख्खी, वळलेली पानं हा वेगळा प्रांत. ती उकळूच नयेत. वरून गरम पाणी ओतावं, झाकून ठेवावं आणि दूध घालायचं असेल तर ती विकतच घेऊ नयेत.

रावपुऱ्यातल्या ज्या दुकानातून आम्ही पत्ती घेतो, तिथे दाणेदार आणि भुकी, म्हणजे चहाची बारीक पूड, वेगवेगळ्या पिंपात असते आणि दुकानदार आपल्या डोळ्यांसमोर मिसळून देतो. भुकीनं रंग झटकन येतो, दाण्यानं चव टिकते. तीन भाग दाणे, एक भाग भुकी हे आमच्या घरचं माप आईनं ठरवलेलं आहे आणि ते बदलायचं धाडस कुणी करत नाही. सुटी मिळाली नाही तर वाघबकरी. त्या पुड्यावरचं चित्र लहानपणापासून डोक्यात बसलंय, वाघ आणि बकरी एकाच कपातून चहा पिताहेत. कंपनीचे संस्थापक दक्षिण आफ्रिकेतून 1915 साली परतलेले आणि गांधीजींच्या विचारांचे. उच्च-नीच भेद मिटावा असा त्या चित्राचा अर्थ. मला लहानपणी एवढाच प्रश्न पडायचा की कप बशीत का नाही ओतला, वाघाची जीभ भाजली असती.

इंग्रजांनी चहाचंही प्रमाण ठरवून ठेवलंय, तेही कागदावर. त्यांच्या मानक संस्थेचा बीएस 6008 नावाचा दस्तऐवज आहे आणि त्यावरच बेतलेलं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 3103, सन 1980. शंभर मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम चहा, चिनी मातीचं झाकणाचं भांडं, 6 मिनिटं मुरवण. हे अर्थात चहा चाखून प्रत ठरवणाऱ्यांसाठी, सगळ्यांनी सारखाच चहा करून तुलना करावी म्हणून. घरी कुणी तसा करावा अशी त्यांचीही अपेक्षा नाही. तरी बीएस 6008 च्या सहा पानांना 1999 साली इग नोबेल, म्हणजे नोबेलची थट्टा करणारं बक्षीस मिळालं, साहित्याचं. पण 2 ग्रॅमचा आकडा मला उपयोगी पडला. आमचा सपाट चमचा अडीच ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे कपाला एक चमचा हे आजीचं माप साहेबाच्या मापाशी जुळतं. आजीनं त्यासाठी सहा पानं खर्च केली नव्हती.

गंमत अशी की आपण आज ज्याला आपला चहा म्हणतो तो चहाच्या कंपन्यांना मुळात नको होता. 1930 च्या दशकात चहाचा प्रसार करणाऱ्या मंडळाची माणसं गावोगाव फिरून चहा करून दाखवायची, स्टेशनांवर इनॅमलच्या पाट्या लागायच्या: पाणी उकळा, किटलीत माणशी एक चमचा चहा घाला, मुरू द्या, दूध-साखर वरून. दूध, मसाला आणि पत्ती एकत्र उकळणं त्यांना खपत नसे, कारण मसाल्याच्या जोरावर लोक पत्ती कमी घालत. लोकांनी पाटी वाचली आणि स्वतःचं केलं.

माझ्या तपेलीत पत्ती पाण्यात दोन मिनिटं, मंद आचेवर. मग दूध. दोन कप चहाला दीड कप पाणी आणि पाऊण कप दूध; उकळून जातं ते जातं, उरतात दोन. दूध गरम केलेलं असावं. फ्रिजमधलं गार दूध ओतलं की सगळं निवतं, पुन्हा उकळी यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ पत्ती आत बसून तुरट होत राहते. दुधातली प्रथिनं चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात, म्हणून दुधाचा चहा जिभेला मऊ लागतो. पण त्यांनाही धरायची सीमा असते. अमूल गोल्डमध्ये 6 टक्के स्निग्धांश, ताजामध्ये 3. मी ताजा घेतो. गोल्डचा चहा दिसतो सुरेख, पण लीली चाचा वास त्या स्निग्धात गुरफटून जातो, आणि वासासाठीच तर सगळा खटाटोप.

दूध पडल्यावर एक उकळी. चहा फुगून तपेलीच्या काठाशी आला की आच कमी, डावानं दोनदा उंच उपसून पुन्हा आत सोडायचा, आणि बंद. तीन उकळ्या देणारे लोक आहेत, माझी बायको त्यांतली. तिच्या चहाला विटकरी रंग येतो आणि लारीवरच्या, म्हणजे हातगाडीवरच्या चहाची आठवण होते, हे मान्य करावं लागेल.

आणि मग पुदिना. गॅस बंद झाल्यावर, आधी नाही. पाच-सहा पानं तळहातावर ठेवायची, दुसऱ्या हातानं एक टाळी द्यायची, पानं लगेच चहात आणि वर झाकण. मिनिटभर. पुदिन्याचा वास अंगानं फार हलका, उकळत्या चहात घातला तर तो वाफेबरोबर स्वयंपाकघरभर जातो आणि कपात उकडलेल्या पाल्याची चव तेवढी उरते. पुण्याच्या पाहुण्यांना चहात पुदिना आवडत नाही, कारण त्यांनी कुठेतरी तो उकडलेला प्यायलेला असतो, असा माझा संशय आहे. आमच्याकडे तिसऱ्या सकाळपर्यंत आठी जाते. चौथ्या सकाळी "आज पुदिना नाही का?"

सुका मसाला मी रोज घालत नाही. सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी, वेलदोडा आणि थोडा गंठोडा (पिंपळमूळ) अशी आईची पूड आहे, आणि ती चांगलीच आहे, पण रोज घातली की चहा दिवसेंदिवस एकच होऊन जातो. ताज्या आल्याला, पात्याला, पानाला मोसमानुसार फरक असतो, पुडीला नसतो. आलं वाळवून सुंठ केली की तिखटपणाही वाढतो आणि त्याची जातही बदलते, ताज्याचा लिंबाळपणा जातो. मसाला उत्तरायणाला. 14 जानेवारीला पहाटेपासून सगळं शहर गच्चीवर असतं, मांज्यानं बोटं चिरलेली, वारा कानात, आणि खालून कुणीतरी थर्मास घेऊन जिना चढतं. त्या वेळी पुदिन्याची नाजुकाई कुणाला हवी? तिथे मिरीच बरी. पूड घालायची तर पत्तीबरोबर, पाण्यात. वरून भुरभुरली तर कपाच्या तळाशी वाळू साचते.

लहान मुलांना चहा द्यायचा नाही हा आमच्या वाड्यात नियम होता. पण मोठे चहा पीत असताना मुलांनी काय करायचं? त्यांना उकाळो. लीली चा, पुदिना, आलं, दूध, साखर, पत्ती नाही. दांडिया बाजारातल्या त्या वाड्यात मराठी घरं होती तशी गुजरातीही, आणि उकाळो शेजारच्या बेननी शिकवलेला. आईच्या वेणीफणीच्या वेळी मिळणारा तो पितळी पेला मला अजून आठवतो, वर फेसाची कड आणि पेला इतका तापलेला की फ्रॉकच्या, सदऱ्याच्या टोकात धरूनच प्यायचा. आम्ही सगळ्यांनी चहाची चव पत्तीच्या आधी पात्यातून शिकली. पुण्यात वाढलेल्यांना ही संधी मिळाली नाही, त्याला त्यांचा इलाज नाही.

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी चढली. 25 फुटांची धोक्याची खूण मागे टाकून पाणी समा, अकोटा, फतेहगंजच्या बाजूंना घरांत शिरलं, मगरी रस्त्यांवर दिसल्या. आम्ही वरच्या मजल्यावर, म्हणून घर वाचलं; पण जिन्याच्या खाली पाणी, वीज गेलेली, आणि दूध नाही. दुधाविना चहा या घरात कुणी चहा मानत नाही. शेवटी गॅलरीतल्या कुंडीतली लीली चा कापली, आलं होतं, पत्ती होती. कोरा चहा केला, पत्ती नेहमीच्या निम्मी आणि मिनिटभरच. शेजारच्या काकींनी अर्धं लिंबू पाठवलं. लिंबू पिळलं की गडद लाल चहा डोळ्यांदेखत उजळून मधासारखा होतो, आंबटपणानं त्यातली रंगद्रव्यं फिकी पडतात. पूर्ण मजला जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून तो प्यायला, खाली कुणाची स्कूटर कुठे तरंगत गेली याची चौकशी करत. आईनं दोन कप घेतले आणि दूध सुरू झाल्यावर त्याचं नावही काढलं नाही. पुन्हा एकदा करून दिला तर म्हणाली, "अरे, हे पुराचं. आता चा मूक ना." म्हणजे आता खरा चहा ठेव.

लारीवरच्या चहाला वरचं काहीच लागू नाही. तिथे एकच मोठं पातेलं दिवसभर उकळतं, क्रम वगैरे भानगड नाही, पाणी संपलं की पाणी, दूध संपलं की दूध. युनिव्हर्सिटीच्या बाजूला सकाळी अकराला जी अर्धी मिळते ती उत्तम असते, कारण गर्दी इतकी की चहा पातेल्यात थांबतच नाही. दुपारी तीनला तीच लारी, तोच माणूस, पण गिऱ्हाईक नाही, पत्ती आत शिजत पडलेली. तेव्हा भजी घ्यावीत. चहाबरोबर घरी मात्र लिलो चिवडो नको. आंबटगोड आणि चहा यांचं जमत नाही. भाखरी चालते. भाकरवडी फारच चालते.

राहिली पिण्याची रीत. आई रकाबीतून पिते. पसरट बशीत ओतला की चहा भराभर निवतो. 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 65 अंशांहून जास्त गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असं जाहीर केलं. मी ते आईला वाचून दाखवलं. तिनं बशी किंचित कलती करून एक फुर्रकन घोट घेतला आणि पुढची बातमी वाचायला सांगितलं. मला स्वतःला बशीतून पिणं जमत नाही, हनुवटीवर ओघळतं. पण घरात मग आणायला माझा विरोध आहे, कारण मगाबरोबर बशी येत नाही.

अडचण अशी झालीय की आमच्या जुन्या सेटमधल्या बशा एकेक करून फुटल्या आणि हल्ली दुकानात मिळतात त्या नुसत्या सपाट, कप ठेवायला मधे एक खड्डा आणि बाकी मैदान. त्यात दोन घोटसुद्धा मावत नाहीत, मांडीवर सांडतात. येत्या रविवारी मंगळबाजार पालथा घालायचा विचार आहे. खोलगट बशी बडोद्यात अजून कुठे मिळत असेल तर सांगा. फुलाफुलांची नको, आईला साधी पांढरी लागते. चहाचा रंग नीट दिसला पाहिजे म्हणते.